हिरडी सांभाळा, दात राहील : पायरिया, दातांची सफाई आणि इम्प्लांट

सकाळी दात घासताना थुंकीत रक्ताची रेघ दिसते. आपण चूळ भरतो, नळ बंद करतो आणि कामाला लागतो. पायाच्या जखमेतून असे रोज रक्त आले असते, तर आपण आठवड्याच्या आत दवाखाना गाठला असता. हिरडीतून येणारे रक्त मात्र वर्षानुवर्षे चालवून घेतले जाते, कारण ते दुखत नाही. मग चाळिशी-पन्नाशीत दात हलू लागले की "वय झालं, आता दात जाणारच" असे म्हणून आपण गप्प बसतो.

आता त्यात आणखी एक भर पडली आहे. हलणारा दात दाखवायला गेले की "काढून टाकू, इम्प्लांट बसवू, पैसे हप्त्याने द्या" असे काही ठिकाणी लगेच सांगितले जाते. इम्प्लांट ही वाईट गोष्ट नाही. ज्याला खरी गरज आहे, त्याला त्याचा चांगला उपयोग होतो. पण हिरड्यांच्या आजारावरचा तो उपचार नाही. आजार तसाच ठेवून इम्प्लांट बसवणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर नवा रंग मारणे. कर्ज काढून हजारो रुपये घालण्याआधी हा फरक प्रत्येक घराला माहीत असायला हवा. म्हणून या वेळचा पाठ हिरड्यांवर.

दात कशावर उभा असतो?

दाताचा जेवढा भाग आपल्याला दिसतो, त्याहून मोठा भाग हिरडीच्या आत, जबड्याच्या हाडात असतो. ते दाताचे मूळ. मूळ आणि हाड यांच्यामध्ये फार बारीक धाग्यांसारखा एक थर असतो. तो दाताला हाडाशी बांधून ठेवतो आणि चावताना बसणारा दाब सोसतो. वरून हिरडीची कड दाताला घट्ट चिकटलेली असते, म्हणजे तोंडातली घाण आत उतरत नाही.

आपण जेवतो, चहा पितो, त्यानंतर काही तासांत दातांवर एक चिकट थर बसू लागतो. जिभेने दात चाचपून पाहिला तर तो बुळबुळीत लागतो. या थरात असंख्य जंतू असतात. रोज नीट घासले तर तो निघून जातो. राहिला, तर थुंकीतले क्षार त्यात साठतात आणि काही दिवसांत तो दगडासारखा कडक होतो. यालाच आपण किटण म्हणतो. किटण ब्रशने निघत नाही, मंजनाने निघत नाही, मिठाने चोळूनही निघत नाही. उलट ते खरखरीत असल्यामुळे त्यावर नवा थर आणखी लवकर बसतो.

हा थर आणि हिरडीची सूज यांचा संबंध १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस शहरात हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात घासणे पूर्ण बंद केले. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या. म्हणजे हिरड्यांचा आजार नशिबाने येत नाही, नुसत्या वयानेही येत नाही. थर साचला की येतो, आणि सुरुवातीला थर काढला की परत जातो.

आजाराच्या दोन पायऱ्या

पहिली पायरी हिरडीच्या सुजेची. हिरडी गुलाबी न राहता लालसर, फुगलेली दिसते. घासताना, सफरचंद किंवा पेरू चावताना रक्त येते. तोंडाला वास येतो. या पायरीवर हाडाला काही झालेले नसते. सफाई केली आणि घासण्याची पद्धत सुधारली तर हिरडी पूर्ण बरी होते.

दुसरी पायरी म्हणजे आपण ज्याला पायरिया म्हणतो ती. सूज आत उतरते. हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खाच तयार होते. त्या खाचेत ब्रश पोहोचत नाही. तिथे जंतू वाढतात, कधी पू येतो आणि मुळाभोवतीचे हाड हळूहळू झिजते. दात लांब झाल्यासारखे दिसतात, दातांमध्ये फटी पडतात, जेवण अडकते आणि शेवटी दात हलतो. झिजलेले हाड बहुतेक वेळा पूर्वीसारखे परत येत नाही. पण झीज जिथे आहे तिथे थांबवता येते. म्हणूनच वेळ महत्त्वाची.

हा काही मोजक्या लोकांचा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के लोकांना हिरड्यांचा तीव्र आजार आहे. म्हणजे शंभर कोटींहून अधिक माणसे.

कोणी जास्त जपावे?

तंबाखू, मशेरी, खर्रा, गुटखा, बिडी घेणाऱ्यांनी. आपल्याकडे कितीतरी बायांची मशेरी दातदुखीच्या निमित्ताने सुरू होते. "जरा लाव, ठणका थांबेल" असे घरातलेच कोणी सांगते. ठणका थोडा वेळ बधिर होतो, आजार वाढतच राहतो आणि मशेरीची सवय मात्र कायमची लागते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून कायद्याने बंदी आहे, पण तव्यावर घरी भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? ती आपली आपणच सोडायची आहे. आणखी एक फसवी गोष्ट अशी की बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. त्यामुळे हिरड्या ठीक आहेत असे वाटते आणि आत हाड झिजत राहते. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर सरकारच्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो.

मधुमेह असलेल्यांनी. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार जोर धरतो, आणि हिरड्यांत सूज व पू असला की साखर आटोक्यात येत नाही. दोन्हीकडून ओढाताण होते. पायरियावर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, सुमारे ०.४ ने उतरतो, असे अनेक अभ्यास एकत्र पाहून दिसले आहे. साखरेच्या गोळ्या चालू ठेवूनच हे करायचे. पण साखरेच्या रुग्णाने वर्षातून एकदा डोळे आणि पाय दाखवावेत तसे दातही दाखवावेत.

गरोदर बायांनी. या काळात शरीरातल्या बदलांमुळे हिरड्या लवकर सुजतात. "पोटुशी आहे, आता दाताला हात लावायचा नाही" हा समज चुकीचा आहे. सफाई करून घेता येते. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सर्वांत सोयीचा. डॉक्टरांना गरोदर असल्याचे आधी सांगायचे, एवढेच.

उपचार काय असतो?

डॉक्टर एका बारीक, खुणा केलेल्या सळईने हिरडी आणि दात यांच्यामधली खाच मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार किंवा जास्त असेल तर काळजी घ्यायला हवी. मग एक्स-रे काढून हाड किती झिजले ते पाहतात. खाच मोजलीच नाही, एक्स-रे पाहिलाच नाही आणि एकदम "पाच दात काढावे लागतील" असे सांगितले, तर तिथे थांबून विचारायला हवे.

पहिला उपचार सफाईचा, म्हणजे स्केलिंग. दातांवरचे किटण यंत्राने काढतात. खाच खोल असेल तर भूल देऊन हिरडीच्या आत मुळावरचे किटण खरवडून मूळ गुळगुळीत करतात. त्याला दोन-तीन खेपा लागू शकतात. साधारण दोन-तीन महिन्यांनी खाच पुन्हा मोजतात. बऱ्याच दातांचे काम एवढ्यावर भागते. तरीही खोल खाचा राहिल्या तर हिरडी थोडी उघडून आतून साफ करून टाके घालतात. त्याला फ्लॅप शस्त्रक्रिया म्हणतात. नुसत्या गोळ्या खाऊन पायरिया जात नाही. गोळीने सूज तात्पुरती उतरते, किटण जागेवरच राहते.

वस्तीत हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "साफ करून घेतले की दात सैल होतात." असे का वाटते ते समजून घ्या. हाड झिजलेले असते, दात आधीच हलका झालेला असतो, पण किटणाच्या जाड थराने शेजारचे दात एकमेकांना चिकटून राहतात. किटण निघाले की खरी स्थिती उघडी पडते. फटी दिसतात, थंड पाणी काही दिवस झोंबते. सूज उतरल्यावर हिरडी घट्ट होते आणि बरेच दात पूर्वीपेक्षा पक्के वाटतात. सफाई दात सैल करत नाही, किटण करते.

सफाई झाली म्हणजे काम संपले, असेही नाही. एकदा पायरिया झालेल्या माणसाने दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यायला हवी.

घरी रोज काय करायचे?

मऊ ब्रश घ्या. कडक ब्रशने जास्त साफ होते हा गैरसमज आहे. त्याने हिरडी सोलते. ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरका धरा, हलक्या हाताने लहान लहान फेरे द्या. आतली बाजू विसरू नका. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा, दोन-दोन मिनिटे. रात्रीचे घासणे चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. पेस्ट महागडी नको, फ्लोराइड असलेली पुरे. रक्त येते म्हणून घासणे थांबवू नका. रक्त येते तिथेच थर साचलेला असतो. दातांत फटी असतील तर फटीत जाणारा छोटा ब्रश मिळतो, तो वापरा. टाचणी, सेफ्टीपिन, काडेपेटीची काडी हिरडीत घालू नका.

राखुंडी, विटेची भुकटी, कोळसा यांनी दाताचा वरचा थर झिजतो. कडुलिंबाची ताजी काडी चावून मऊ करून वापरायला हरकत नाही, पण ती मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला पोहोचत नाही हे ध्यानात ठेवा. दात साफ ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा आहे. ते न वापरल्याने होणारे पाच तोटेही तिथे मोजले आहेत. तोंडाला दुर्गंधी येणे आणि जेवण गोड न लागणे हे त्यातलेच.

क्लोरहेक्सिडिनचे गुळण्यांचे औषध डॉक्टरांनी दिले तर सांगितले तेवढेच दिवस घ्या. जास्त दिवस घेतले की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

इम्प्लांट म्हणजे नेमके काय?

दात गेल्यावर त्या जागी हाडात टायटॅनियम धातूचा एक छोटा स्क्रू बसवतात. हाड त्याला घट्ट धरते. मग त्यावर जोडणारा तुकडा आणि वर दाताच्या आकाराची कॅप बसते. टायटॅनियम आणि हाड असे एकमेकांना धरतात, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडावर काम करताना लक्षात आले. १९६५ साली त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. हाडाने स्क्रू पकडायला बहुतेक वेळा तीन ते सहा महिने जाऊ द्यावे लागतात. योग्य रुग्णात, योग्य तयारीने बसवलेले बहुतेक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही टिकून असतात. पण त्या "योग्य तयारी"तच सगळे आले.

कसे ते पाहा. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीच्या हिरडीला आणि हाडाला तोच आजार होतो. खऱ्या दाताभोवती धाग्यांचा थर आणि घट्ट चिकटलेली हिरडी असते. इम्प्लांटभोवती ती राखण तेवढी पक्की नसते. जंतू आत गेले तर हाड वेगाने झिजते आणि इम्प्लांट हलून निघून येते. ज्यांचे दात पायरियाने गेले, जे तंबाखू सोडत नाहीत आणि ज्यांची साखर आटोक्यात नाही, त्यांना हा धोका जास्त. म्हणून क्रम असा हवा : आधी हिरड्यांचा उपचार, मग तंबाखू बंद आणि साखर ताब्यात, मग काही महिने वाट पाहून तपासणी, आणि त्यानंतर गरज असेल तरच इम्प्लांट.

गेलेल्या दाताला इम्प्लांट हा एकच पर्याय नाही. काढता-घालता येणारी कवळी सर्वांत स्वस्त. शेजारच्या दातांना धरून पक्का ब्रिज बसवता येतो, पण त्यासाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात. आणि अगदी मागची एखादी दाढ गेली, चावायला अडचण नाही, तर काहीच न बसवणे हाही कधी कधी योग्य सल्ला असतो. फुटपाथवर दात बसवणारे मात्र पूर्णपणे टाळा. ते मसाला लावून किंवा तारेने नवा दात शेजारच्या दातांना कायमचा चिकटवतात. तो काढून धुता येत नाही. खाली घाण कुजते आणि धरलेले चांगले दातही जातात.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

वस्त्यांत आरोग्याचे काम करताना एकसारखेच दिसणारे चित्र सांगते. घरकाम करणारी बाई, वय पंचेचाळीस, खालचे चार दात हलतात. दवाखान्यात सांगतात, चारही काढा, चार इम्प्लांट घाला, आजच नोंदणी केली तर सूट. मुलगा कर्जाच्या कागदावर सही करायला तयार असतो. अशा वेळी दुसरीकडे दाखवले तर बऱ्याचदा कळते की चारपैकी काही दात आधी सफाई करून पाहण्यासारखे आहेत. सगळेच वाचतील असे नाही. पण काढलेला दात परत येत नाही, आणि दुसरे मत घ्यायला फार तर एक खाडा पडतो. आपल्या घरात एका खाड्याचीही किंमत असते, हे मला ठाऊक आहे. पण दोन-तीन वर्षांचे हप्ते त्याहून जड असतात.

म्हणून हे प्रश्न वहीत लिहून सोबत न्या.

१. माझ्या कोणत्या दाताला कोणता आजार आहे? एक्स-रेमध्ये दाखवाल का?
२. हा दात वाचवायचा प्रयत्न केला तर काय करावे लागेल? किती टिकेल?
३. बाकीच्या दातांच्या हिरड्यांचा उपचार आधी होणार का?
४. इम्प्लांट नको असेल तर दुसरे काय करता येईल? त्याला किती खर्च?
५. स्क्रू, जोडतुकडा, कॅप, हाड भरावे लागले तर ते, एक्स-रे, औषधे, सगळे धरून एकूण किती? लेखी द्याल का?
६. काम कोण करणार? त्यांचा दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?
७. इम्प्लांट निघाले तर पुढे काय? कंपनीचे नाव आणि क्रमांक असलेले स्टिकर मला मिळेल का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर आपल्याला उत्तर मिळाले.

आपणही डॉक्टरांपासून काही लपवू नका. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची झडप, हाडे ठिसूळ होण्यावरच्या गोळ्या किंवा इंजेक्शने, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे सगळे आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. ज्यांनी ती दिली, त्यांना विचारूनच.

कुठे जायचे?

मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. हिरड्यांच्या आजाराचा तिथे वेगळा विभाग असतो. सफाईपासून फ्लॅपपर्यंतचे काम खासगीपेक्षा खूप कमी पैशांत होते. शिकणारे डॉक्टर काम करतात, त्यांच्यावर शिक्षकांची नजर असते. खेपा जास्त लागतात, रांग असते. सकाळी लवकर जा, केसपेपर जपून ठेवा आणि पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नका. इतर जिल्ह्यांत आधी जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात चौकशी करा. कोणत्या कामाला सरकारी योजना लागू आहे, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

थांबू नका, लगेच दाखवा

गालाला किंवा जबड्याखाली सूज येऊन ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठा. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागले, तर कर्करोगाची तपासणी करून घ्या, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी. हिरड्यांसोबत नाकातून रक्त येणे, अंगावर निळे-लाल डाग पडणे, ताप किंवा फार थकवा असे असेल तर तो फक्त हिरड्यांचा आजार नसू शकतो. रक्ताची तपासणी लगेच करा.

या महिन्याचे काम

महिला मंडळाच्या किंवा विहारातल्या पुढच्या बैठकीत एक साधी पाहणी करा. किती जणांच्या थुंकीत रक्त येते, किती जणांचा दात हलतो, कोणाला मधुमेह आहे, कोण मशेरी लावते, हे एका कागदावर लिहा. नावे जाहीर वाचू नका. ज्यांना गरज आहे अशा चार-पाच जणींनी एकच दिवस ठरवून मिळून दंत रुग्णालयात जा. एकटीला रांगेत कंटाळा येतो, सोबत असली की तारीख चुकत नाही. आणि घरातल्या लहान मुलांना आज रात्रीपासून झोपताना ब्रश हातात द्या. त्यांच्या हिरड्या अजून निरोगी आहेत, आणि एका साध्या मऊ ब्रशच्या खर्चात त्या तशाच राहू शकतात.